भिंतीअलीकडे सोळा, भिंतीपलीकडे सोळा

३० मे २०२४ ला नागपूरचा पारा ५६ वर गेला. म्हणजे गेला नव्हता. रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तो आकडा दाखवला, बघता बघता तो देशभर फिरला, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे 'जिवंत आहात ना रे' असे फोन आले, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आमच्याकडे त्या आकड्यावर तसाही कोणी विश्वास ठेवला नव्हता. नवतपा सुरू होता, ऊन जीव काढत होतं, पण नागपूरच्या माणसाला ४५ आणि ४७ मधला फरक कातडीवरून कळतो. "५६ असतं त कुलरच्या ताट्यांनी पेट घेतला असता," बाबा म्हणाले आणि कुलरमध्ये पाणी भरायला उठले.

त्या आठवड्यात मी दुसऱ्याच एका खोट्या आकड्याच्या मागे लागलो होतो.

परसोडीच्या आयटी पार्कपासून जवळच आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो: ठेवी, कर्जं, पिग्मीचे रोजचे भरणे, आणि तिमाही-वर्षअखेरीला ज्याच्यासाठी सगळ्यांचे जीव टांगणीला लागतात ते व्याज. जुना सर्व्हर होताच, त्याच्या जोडीला मे महिन्यात नवा आला. जुन्यात एएमडी कंपनीचा एपिक ७३०२ हा प्रोसेसर, नव्यात एपिक ७३१३. पहिला २०१९ च्या पिढीतला, तिचं नाव रोम. दुसरा २०२१ च्या पिढीतला, तिचं नाव मिलान. तोवर त्याच्याही पुढची पिढी बाजारात आली होती, पण तिला डीडीआर५ रॅम लागते, आणि आमच्या सरांच्या मते ५ हा आकडा फार महाग असतो.

सरांनी काम दिलं ते एका वाक्यात. "दोघांत कोणता भारी ते बघ, व्याजाचं काम त्याच्यावर टाकू. ३० जूनच्या आत."

वाटलं, दोन तासांचं काम आहे. दोघांची माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर जुळ्या भावांची दाखले-पत्रं वाटावीत. १६ कोअर (म्हणजे प्रोसेसरच्या आतले गणित करणारे हात), १६ कोअर. ३२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ३२ थ्रेड. मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ, तोच ३.०. एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी, १२८ एमबी, १२८ एमबी. विजेची मर्यादा १५५ वॉट, १५५ वॉट. मेमरीच्या आठ वाटा, त्याही दोघांना. सॉकेटसुद्धा तेच, बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) नवं असेल तर एकाच्या जागी दुसरा बसतो. उघड दिसणारा फरक एकच: जोर लावल्यावर जुना ३.३ पर्यंत जातो आणि नवा ३.७ पर्यंत. १६ चा आकडाही आपोआप आलेला नाही. विंडोज सर्व्हरचं लायसन्स एका सर्व्हरला निदान १६ कोअरचं घ्यावंच लागतं, म्हणून या पेठेत सगळ्यांचं घोडं १६ वर अडतं.

रात्री जेवताना बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अबे, दोन्ही सारखेच आहेत म्हणतो, अन् मंग कायले मोजून राहिला?"

याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तर अजिबातच देता आलं नसतं, कारण दुसऱ्या दिवशी नवा सर्व्हर हरला.

थोडाथोडका नाही, चांगला हरला. मेमरी किती वेगानं वाहते हे मोजणारी स्ट्रीम नावाची एक जुनी, साधी चाचणी आहे. मोठमोठ्या रांगा घ्यायच्या, एक दुसरीत उतरवायची, गुणायची, बेरीज करायची, बास. रांगा मात्र कॅशच्या निदान चौपट मोठ्या हव्यात, नाहीतर तुम्ही विहीर मोजायला जाता आणि माठ मोजून परत येता. तशा घेतल्या, आणि जुन्याच्या पुढे नवा निम्म्यावर अडकला. दोनदा केलं, तीनदा केलं. तेच. व्याजाचं काम लावून पाहिलं, त्यातही नवा रखडला.

अशा वेळी माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, मग कंपनीवर, मग जगावर. मी तिन्ही उरकले. संध्याकाळी नवा सर्व्हर बंद करून झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च आत मारला. मधोमध प्रोसेसरवर उष्णता ओढणारा धातूचा भलामोठा ठोकळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रॅमच्या खाचांच्या रांगा. बहुतेक खाचांत काळ्या प्लास्टिकच्या नुसत्या झाकणपट्ट्या. खऱ्या रॅमच्या पट्ट्या फक्त चार.

चार गुणिले ३२, म्हणजे १२८ जीबी. जुन्यात आठ गुणिले १६, म्हणजे १२८ जीबी. बिलावर दोन्हीकडे १२८. पण या प्रोसेसरला मेमरीच्या आठ वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर निदान एक पट्टी लागते. डीडीआर४-३२०० रॅमची (३२०० हा तिचा वेग) एक वाट सेकंदाला कागदोपत्री २५.६ जीबी वाहते. आठ वाटांच्या २०४.८ होतात, चारच्या १०२.४. आम्ही आठ दारांचा दवाखाना बांधून चार दारांना कुलूप लावलं होतं, आणि डॉक्टर हळू तपासतात म्हणून बोंबलत होतो. ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांना फोन केला तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, "पुढे रॅम वाढवायची तर जागा राहावी म्हणून मोठ्या पट्ट्या टाकल्या, भाऊ. टोटल तर सेमच आहे ना." टोटल सेम होती, यात वाद नाही. पट्ट्या बदलून द्यायला ते तयार झाले, पण माल यायला वेळ लागेल म्हणाले.

तोवर थांबायचं नव्हतं. म्हणून त्या रात्री दोन्ही यंत्रं बंद करून जुन्याच्या आठ पट्ट्या मी नव्यात घातल्या. पट्टी खाचेत बसताना दोन्ही टोकांच्या कड्या टक्क करून वाजतात. आठ पट्ट्या, सोळा टक्क. मी मोजले, कारण एखादी अर्धवट बसली तर यंत्र कधीकधी कुरकुर न करता उरलेल्या वाटांवर चालतं आणि तुम्ही पुन्हा तीन दिवस आंधळेपणानं मोजत बसता. स्ट्रीम लावली. नवा जुन्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. पुढेही नाही, मागेही नाही. मेमरी तीच, वाटा त्याच, मग पुढे जाईल कशाला?

व्याजाच्या कामात मात्र तो आता पुढे गेला, आणि गमतीची गोष्ट इथून सुरू होते. हे पुढे जाणं कशामुळे? ३.३ आणि ३.७ मुळे असेल, तर तो नुसत्या धावण्यातला फरक झाला. दोघांना एकाच वेगात चालवायला हवं. मी बायोसमध्ये दोघांचा बूस्ट, म्हणजे मूळ वेगाच्या वर जायची सोय, बंद केला. आता दोघंही ३.० च्या वर जाणार नव्हते. वेग सारखा, कोअर सारखे, कॅश सारखी, रॅम तर अक्षरशः तीच, आलटून पालटून. तरीही व्याजात नवा पुढे.

हे मला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराशिवाय सांगता येत नाही.

आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली गेली. दोन हिस्से अगदी दोरी लावून सारखे. अलीकडे आई आणि आत्या, पलीकडे काकू आणि आजी. फळ्या मोजून निम्म्या-निम्म्या. हिंगाचा डबा आधी एक होता, आता दोन झाले. लोणच्याची बरणी एक होती, दोन झाल्या. माणशी जागा तेवढीच होती, पण अलीकडे पाहुणे आले की आईला परात ठेवायला जागा पुरायची नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी पलीकडची अर्धी फळी रिकामी असायची. वाईट म्हणजे भिंत मागच्या न्हाणीपर्यंत सरळ गेलेली. काकूकडून वाटीभर साखर आणायची तर पुढच्या दारानं गल्लीत उतरायचं, चार पावलं चालून काकांच्या दारातून आत शिरायचं आणि त्यांचं सगळं घर ओलांडून स्वयंपाकघर गाठायचं. साखर हातभर अंतरावर. मध्ये वीतभर विटा.

एपिक ७३०२ हे ते वाटणी झालेलं घर आहे. त्याच्या पोटात गणित करणारे चार तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यावर ३२ एमबी कॅश, पण मध्ये भिंत: इकडे १६, तिकडे १६. प्रत्येक बाजूला दोन कोअर चालू. (तुकडा मुळात आठ कोअरचा असतो, त्यातले चार कारखान्यातच बंद करून १६ चं हे मॉडेल होतं. नव्यातही तसंच आहे.) एका बाजूच्या कोअरला दुसऱ्या बाजूचं काही हवं असेल, तर ते त्याच तुकड्यावर असूनही आधी मधल्या आय-ओ तुकड्यापर्यंत (सगळ्या तुकड्यांना एकमेकांशी आणि रॅमशी जोडणारा तो) बाहेर जायचं आणि तिथून परत यायचं. गल्लीतून वळसा. ७३१३ मध्ये तुकडे तेवढेच, कोअर तेवढेच, कॅश तेवढीच, पण भिंत पाडलेली. चार कोअर, ३२ एमबी, एक स्वयंपाकघर. माणशी ८ एमबी आधीही होती, आताही आहे. म्हणून तर माहितीपत्रकात काही दिसत नाही. माहितीपत्रकात चौरस फूट लिहितात, भिंत कुठे आहे ते लिहीत नाहीत.

आमच्या व्याजाच्या कामाला हे बरोबर लागू पडतं. पिग्मीच्या खात्यात रोज भरणा. रोजच्या शिलकेवर व्याज काढायचं, तर प्रत्येक खात्याचा दिवसवार हिशेब, दरांचे तक्ते, मध्येच बदललेले दर, सुट्ट्यांचं कॅलेंडर, असं सामान प्रोसेसरला हाताशी लागतं. एखाद्या मोठ्या शाखेचं सामान १६ एमबीत मावत नाही, ३२ मध्ये मावतं. शेजारचे कोअर रिकामे असतील तर नव्यावर ती शाखा ऐसपैस पसरते. जुन्यावर परात अंगणात ठेवावी लागते, म्हणजे रॅममध्ये. आणि सगळे कोअर कामाला लागले, माणशी ८ एमबीवर आले, तरी थोडा फायदा उरतोच. दरांचे तक्ते सगळ्यांना सारखेच लागतात, त्यांची जुन्यात आठ स्वयंपाकघरांत आठ नक्कल होते, नव्यात चारच. लोणच्याच्या बरण्या कमी लागल्या की फळीवर जागा होते.

भिंत पाडणंही फुकट नसतं. मोठ्या स्वयंपाकघरात डब्यापर्यंत जायला पावलं जास्त पडतात. जुन्या पिढीत एल-३ पर्यंत जाऊन यायला प्रोसेसरच्या घड्याळाची ३९ चक्रं लागतात, नवीत ४६. कामाचं सामान चार-पाच एमबीच असेल आणि सारखी त्याच्यातच उचल-ठेव असेल, तर सारख्या वेगावर जुना पुढे जातो. असल्या एका छोट्या चाचणीत तो जिंकलासुद्धा, आणि मला का कोण जाणे बरं वाटलं. मिलान आली तेव्हा एएमडीनं नव्या कोअरबद्दल सांगितलं होतं की त्याच वेगावर ती सरासरी १९ टक्के जास्त काम करते. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. आमच्या व्याजात आम्ही त्याच्या जवळ गेलो, बॅकअप दाबून लहान करायच्या (कॉम्प्रेशनच्या) कामात त्याच्या निम्म्यावरही नाही.

एवढं झाल्यावर अहवाल लिहायला बसायचं होतं. पण पहाटेचे आणि दुपारचे आकडे जुळेनात. बूस्ट बंद असताना जुळायचे, पुन्हा चालू केला की दुपारी तीनला दोन्ही यंत्रं पहाटे पाचपेक्षा किंचित मंद. आमची सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीची स्टेशनरीची खोली. पश्चिमेची भिंत, एक एसी. मे महिन्यात तो एसी ज्या आवाजात चालतो त्याला चालणं म्हणत नाहीत. सर्व्हरनं ओढायची हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी शिफारस असते. आमच्याकडे खालच्या खणात २६ असायची आणि वरच्या खणात, जिथे मी मोठ्या मानानं नवा सर्व्हर बसवला होता, ३३. सिलिकॉन तापलं की त्यातून वीज जास्त झिरपते. वीज मोजूनमापून १५५ वॉट. झिरपण्यात जास्त गेली की धावायला कमी उरते. शिवाय पंखे जोरात फिरतात, त्यांचीही वीज मीटरवर चढते. मी दोघांच्या खणांची अदलाबदल केली आणि दोघांतला फरक बदलला. प्रोसेसर तेच, फक्त वर-खाली. इतके दिवस मी अधूनमधून पश्चिमेची भिंत मोजत होतो.

आमच्या ऑफिसातल्या काकांनी खोलीत कुलर लावायचं सुचवलं. ओल्या हवेचं कारण सांगून मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाण्यालाच नावं ठेवली.

याच दरम्यान बायोसमध्ये एक खटका सापडला, त्याच्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही सारखे नसतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर घडलेल्या तुकड्यांतही एखादा कमी विजेत धावतो, एखाद्याला जास्त लागते. एएमडी इथे दोन पर्याय देते. एका पर्यायात त्या मॉडेलचे सगळे प्रोसेसर सारखीच कामगिरी देतील असं बघितलं जातं, म्हणजे चांगल्या तुकड्यालाही साध्याच्या बरोबरीनं चालावं लागतं, फक्त तो वीज कमी खातो. दुसऱ्या पर्यायात सगळ्यांना ठरलेली वीज पुरी वापरू देतात, आणि ज्याच्या अंगात जास्त आहे तो जास्त धावतो. शंभर सर्व्हर एका रांगेत चालवणाऱ्याला पहिला पर्याय सोयीचा. आमच्याकडे दोनच. मी दुसरा निवडला. खरं सांगायचं तर शाळेत मला नेहमी पहिल्या पर्यायात ठेवलं गेलं आणि त्याचा राग अजून आहे.

रविवारी बाबांना भिंतीचं सगळं सांगितलं. त्यांना कॅश कळली नसावी, पण भिंत पुरती कळली. म्हणाले, "तुले आठवत नसन. तुह्या आजीनं दोन वर्षांनी त्या भिंतीतल्या दोन विटा काढल्या होत्या. वाटी जाईन एवढी फट. काकाले सांगितलं, हवा खेळाले पायजे."

मला खरंच आठवत नव्हतं.

७३०२ मध्ये विटा काढता येत नाहीत. पण आजी त्याच्या आधीची दोन वर्षं जे करायची ते करता येतं: ज्यांना एकमेकींचं सामान लागतं त्यांना एकाच बाजूला बसवायचं. जुन्या सर्व्हरवर लिनक्सचा कारभार असा होता की कोणतंही काम कोणत्याही कोअरवर जायचं, दोन मिनिटांनी भलतीकडे जायचं, आणि मागे राहिलेल्या सामानासाठी गल्लीतून येरझारा. मी कामं बांधून टाकली. एका संस्थेचा डेटाबेसचा धागा (थ्रेड) आणि त्याच संस्थेचे अहवाल काढणारा धागा भिंतीच्या एकाच बाजूच्या दोन कोअरवर. बायोसमध्ये प्रत्येक एल-३ ला वेगळा मोहल्ला समजायची सोय असते, तीही चालू केली, म्हणजे लिनक्सलाही भिंती दिसू लागल्या. तासाभराचं काम. अहवाल काढण्यात जुना सर्व्हर इतका सुधारला की नव्याला बांधणी न करता त्याच कामाला लावलं तर दोघांत निवड करणं कठीण. हे मी अहवालात पहिल्या पानावर लिहिलं. नवं यंत्र घेतल्यावर जुनंच सुधारल्याचं सांगणं सरांना फारसं आवडणार नव्हतं, तरी लिहिलं.

सरांनी पहिलं पान वाचलं. "एका वाक्यात सांग ना, कोणता भारी?"

"व्याज नव्यावर, अहवाल जुन्यावर, आणि दोन्ही खालच्या खणांत," मी म्हटलं.

"हे तीन झाले."

मग एसीच्या सर्व्हिसिंगला लगेच मंजुरी दिली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला बरा पाऊस पडला त्या दुपारी रॅमच्या पट्ट्या आल्या. पट्ट्या घेऊन आलेला मुलगा नखशिखांत भिजला होता, पण खोका त्यानं तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरला होता. मी त्याला टॉवेल दिला, चहा सांगितला. खोका उघडला. आठ पट्ट्या, १६ जीबीच्या, नव्याकोऱ्या. त्यांच्यावर पांढरं लेबल, लेबलावर बारीक अक्षरं. मी चष्मा काढून जवळ धरून वाचलं. ३२०० नाही. २९३३.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो केस पुसत होता.

"बरोबर आहे ना भाऊ?" तो म्हणाला. "आठ पायजे होत्या ना? मोजून आणल्या."